'बंद' म्हणजे क्लोज नव्हे! इंग्रजीची रोजची क्रियापदं शिकायची कशी?

पाना_नंबर_तेरा

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे. इंग्रजीतली रोजची क्रियापदं पाठ करतो, पण लिहायला बसलो की ऐनवेळी भलतंच उमटतं. यावर काय करावं? आता रामायण सांगतो.

मी चाकणला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. मूळचा कराडकडचा, आयटीआय फिटर, वय ४१. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली, तोवर मी हायस्कुलात पोचलो होतो. मशीन मला कळतं. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय का बेल्ट सुटलाय ते सांगतो. पण गेल्या वर्षी हुकूम निघाला की शिफ्टचं लॉगबुक इंग्रजीत लिहायचं. नवीन लाइन बसवायला जर्मनीहून इंजिनिअर आलेत, त्यांना आपलं 'मोटर गरम होतीया' कसं वाचता येणार?

तर झालं असं. रात्रपाळी होती. तीन नंबरच्या टर्निंग सेंटरचा (धातू कातायच्या मशीनचा) कूलंट पंप, म्हणजे कातताना गार ठेवणारं पाणी सोडणारा पंप, पहाटे बंद पडला. इम्पेलर (पंपाच्या आतलं चाक) अडकलेला, मोटर हात लावू देईना. स्पेअर स्टोअरमध्ये आणि स्टोअर उघडणार सकाळी. मी लॉगबुकात लिहिलं, 'कूलंट पंप क्लोज्ड'. डोक्यात काय, पंप बंद आहे. सही केली, बस पकडली, घरी येऊन झोपलो.

सकाळी त्या इंजिनिअरनं वही उघडली. आता मेन्टेनन्समध्ये एखादी तक्रार 'क्लोज' झाली म्हणजे ती मिटली, काम झालं. त्यानं तसंच वाचलं. मशीन चालू केलं. कूलंटचा थेंब नाही. दोन इन्सर्ट (कापायची पाती) जळाले, एक जॉब (मशीनवर लावलेला तुकडा) निळा पडला आणि स्क्रॅपच्या पेटीत गेला. 'चालवू नका' सांगणारा लाल टॅग मी लावला नव्हता ही माझी चूक, ती मी तिथंच मान्य केली. पण मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "क्लोज्ड म्हणजे काय?" मी म्हणालो, "बंद." साहेब म्हणाले, "पंप आहे का किराणा दुकान?" अजून कॅन्टीनमध्ये मला पोरं विचारतात, काय शेठ, आज उघडं का क्लोज्ड.

मग इरेला पेटलो. बाजारातून तीन रूपांचा तक्ता आणला, लॉकरच्या दाराला आतून चिकटवला. अबाइड-अबोड-अबोड. अराइज-अरोज-अरिझन. अवेक-अवोक-अवोकन. रोज डबा काढताना पाच म्हणायचे. महिन्याभरात 'बी'च्या पुढं सरकलो नाही, आणि चौदा वर्षांच्या नोकरीत 'अबाइड' म्हणून काही करायची पाळी माझ्यावर आलेली नाही. मुलगी पाचवीत आहे, सेमीला. तिला घडाघड येतात. गो-वेंट-गॉन, पप्पा! पण तिला म्हटलं 'बेल्ट झिजला' इंग्रजीत सांग, तर तीही गप्प.

शेवटी डिक्शनरीत 'गेट' उघडलं. पानं संपेनात. तिथंच मिटवली.

म्हणून विचारतोय. किती क्रियापदं आली म्हणजे माझ्यासारख्याचं भागेल? सुरुवात कुठून करू?

घाईगर्दी

रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या बघा, खाली अक्षरं लावून. मोबाइलवर अ‍ॅप पण भरपूर आहेत, फुकट. तीन महिन्यांत फरक पडेल. फार विचार करू नका.

पाना_नंबर_तेरा

बातम्या लावल्या होत्या भाऊ. निवडणूक, क्रिकेट, युद्ध. कूलंट पंप काही आला नाही. अ‍ॅपवर गेलो तर ते मला 'मुलगा सफरचंद खातो' शिकवतंय.

कृष्णाकाठच्या_बाई

तुला अरे म्हणते, रागावू नकोस. एकतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, तुझ्या वयाची पोरं माझ्या हातून गेलीत. त्यातली कितीतरी अशाच तक्त्यांमुळे इंग्रजीला घाबरली, म्हणून लिहिते.

तो तक्ता आधी लॉकरवरून काढ. तक्ता चुकीचा नाही, पण तो अक्षरांच्या क्रमानं लावलाय. स्टोअरमधले सगळे स्पेअर कोणी नावाच्या पहिल्या अक्षरानं रचून ठेवले तर तू त्याला काय म्हणशील?

इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदं बघ. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, थिंक, टेक. यातलं एकही नियमानं चालत नाही, एकालाही भूतकाळात सरळ 'ईडी' लागत नाही. मुलं मला विचारायची, बाई, जे रोज लागतं तेच इतकं वाकडं कसं? अरे, रोज लागतं म्हणूनच वाकडं राहिलं! रोज कानावर पडणारं रूप पोर पाळण्यातच ऐकतं, ते विसरत नाही. वर्षातून एकदा लागणारं रूप विसरतं आणि मग लोक त्याला नियमाचं शेपूट लावून मोकळे होतात. तुझं ते अबाइड-अबोड घे. 'अबोड' आता इंग्रजांच्याही तोंडातून जवळजवळ गेलंय, ते 'अबाइडेड' म्हणतात. म्हणजे जे रूप खुद्द त्यांनी टाकून दिलं, ते तू लॉकरला लावून पाठ करत होतास.

आपल्याकडे वेगळं नाही. तुझी लेक तीन वर्षांची असताना 'मी करलं' म्हणाली असेल. तुम्ही हसलात आणि 'केलं' म्हणायला शिकवलंत. करणे-केलं, येणे-आला, मरणे-मेला, घेणे-घेतलं. आणि जाणे-गेला? 'ज'चा 'ग' कुठून आला? 'जाणे' संस्कृतातल्या 'या' धातूवरून आलं आणि 'गेला' हा 'गत'वरून. दोन वेगळ्या धातूंनी मिळून संसार थाटलाय. गो-वेंटचं हुबेहूब तेच आहे. 'वेंट' हा मुळात 'वेंड' नावाच्या निराळ्याच क्रियापदाचा भूतकाळ, तो 'गो'च्या घरी येऊन राहिला. तेव्हा गो-वेंट-गॉनला घाबरायचं कारण नाही, तू जन्मापासून जाणे-गेला बोलतोयस.

आता तुझं काम. लॉगबुकात तुला तीन रूपांपैकी तिसरंच जास्त लागणार, हे त्या तक्त्यावर कुठे लिहिलेलं नसतं. मोडलेल्या वस्तूची हालत सांगायला आपण '-लेला' लावतो ना? झिजलेला, वाकलेला, अडकलेला, फाटलेला, तुटलेला. इंग्रजीतलं तिसरं रूप म्हणजे हे '-लेला'. बेल्ट झिजलेला, 'बेल्ट वॉर्न आउट'. शाफ्ट वाकलेला, 'शाफ्ट बेंट'. व्हॉल्व्ह अडकलेला, 'व्हॉल्व्ह स्टक'. सील फाटलेलं, 'सील टॉर्न'. पिन तुटलेली, 'पिन ब्रोकन'. फ्यूज उडालेला, 'फ्यूज ब्लोन'. ही सहा लिही वहीच्या पहिल्या पानावर. तुझा निम्मा रिपोर्ट तिथेच झाला. पहिलं-दुसरं रूप नंतर ओळखीनं येतं.

आणखी एक, तुझ्या धंद्यावर देवाची कृपा आहे. कट, सेट, शट, पुट, हिट, स्प्लिट, बर्स्ट. तिन्ही रूपं एकच! 'ट'नं संपणारी ही छोटी क्रियापदं बदलतच नाहीत आणि कारखान्यात तीच जास्त. म्हणून 'पाइप बर्स्टेड' लिहायचं नाही, नुसतं 'बर्स्ट'. (आता 'टेस्ट'सुद्धा 'ट'नं संपतं आणि त्याचं 'टेस्टेड' होतं. मग कसं ओळखायचं? ओळखायचं नाही, ही सात लक्षात ठेवायची.) दुसरी टोळी फाइंड-फाउंडची. त्यात तुझं ग्राइंड आहे. ग्राइंड-ग्राउंड. 'ग्राइंडेड' लिहिणारे इंजिनिअर मी पाहिलेत, तू लिहू नकोस. वाइंडिंगवाला वाइंडही तिथलाच, वाइंड-वाउंड. बाकी चेक, क्लीन, ड्रिल, वेल्ड, लीक, रिपेअर सगळी गुणी बाळं, 'ईडी' लावून मोकळं व्हायचं. फक्त बोलताना 'चेकेड' म्हणू नकोस. चेक्ट, क्लीन्ड. 'एड'चा उच्चार 'ट' आणि 'ड' यांच्यानंतरच मोकळा होतो. टेस्टेड, वेल्डेड.

किती लागतात विचारलंस. १९३० मध्ये चार्ल्स ऑग्डेन नावाच्या इंग्रज गृहस्थानं परकीयांसाठी छोटी इंग्रजी तयार केली. एकूण ८५० शब्द आणि त्यात क्रियापदं फक्त १८. कम, गो, गेट, गिव्ह, पुट, टेक, कीप, लेट, मेक, सी, सेंड अशी. एवढ्यात जगाचा कारभार चालेल असं त्याचं म्हणणं. मला विचारशील तर त्यात थोडी हातचलाखी आहे. क्रियापदं कमी केली, पण त्यांच्या मागे अप, डाउन, ऑफ, आउट लावून भार त्या शेपटांवर टाकला. 'एंटर' नको तर 'गो इन'. 'टॉलरेट' नको तर 'पुट अप विथ'. आता 'पुट अप विथ'मध्ये सहन करणं कुठून आलं हे नवशिक्याला कोण सांगणार? तरी त्याचा मुद्दा खरा की हाताशी पंधरा-वीस असतात आणि तीच दिवसभर फिरवायची असतात. तुझ्याकडे तरी पाने किती आहेत? रोज हातात येतात ते किती?

शेवटी ते 'बंद'. तुझ्यापेक्षा मला आपल्याच भाषेचा राग येतो. आमच्या आजीच्या घरात दार लावायचे, दिवा मालवायचा, चूल विझवायची, नळाची चावी फिरवायची, दुकान वाढवायचं. फारसीतून हा 'बंद' आला आणि सगळ्यांना गिळून बसला. आता दारही बंद, दिवाही बंद, नळही बंद, तोंडही बंद. आजीनं इंग्रजी शिकायला घेतलं असतं तर तुझ्याइतकी अडखळली नसती. त्यामुळे लिहिण्याआधी स्वतःला विचार, केला का पडला?

मी मुद्दाम थांबवला: 'आय स्विच्ड ऑफ द पंप.'
बिघडून बंद पडला: 'द पंप ब्रोक डाउन.'
थांबला, का ते माहीत नाही: 'द पंप स्टॉप्ड.'
ओव्हरलोडनं पडला: 'द पंप ट्रिप्ड.'
सगळी लाइनच बंद केली: 'वी शट डाउन द लाइन.'

क्लोज ठेव व्हॉल्व्हसाठी, दारासाठी आणि मशीनच्या गार्डसाठी.

मिरजेची_सिस्टर

बाईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त माझी फजिती सांगते म्हणजे दादाला बरं वाटेल.

मी मिरजेला नर्सिंग केलं, आता इंग्लंडमध्ये लीड्सला असते. इथे यायला इंग्रजीची परीक्षा दिली, चांगले मार्क पडले, मोठमोठे शब्द येत होते. पहिल्याच आठवड्यात एक म्हाताऱ्या बाई सकाळी म्हणाल्या, "आय वॉज सिक इन द नाइट, लव्ह." मी चार्टवर लिहिलं, पेशंटला रात्री बरं वाटत नव्हतं. आमची सीनिअर आली, म्हणाली किती वेळा? रंग काय होता? मी बघतच राहिले. इथे 'वॉज सिक' म्हणजे उलटी झाली! आजारी असेल तर इल नाहीतर अनवेल म्हणतात. मला 'व्हॉमिट' येत होतं, 'नॉशिया' येत होतं, आणि बी-वॉज-बीन हे पाचवीतलं क्रियापद मला पडद्यामागून हसत होतं.

त्यानंतर कळलं की पेशंट कधी लॅटिन बोलत नाही. तो म्हणतो थ्रू अप, पास्ड आउट, केम राउंड. उलटी झाली, शुद्ध गेली, शुद्धीवर आला. सगळी लहान मुलांची क्रियापदं, मागे एक शेपूट.

मग मी एक वही केली, उलटी. इंग्रजी शब्द आणि समोर मराठी अर्थ असं नाही. पानावर वर मराठी क्रियापद लिहायचं आणि त्याच्याबरोबर आपण काय काय बोलतो ते खाली. पहिलं पान 'काढणे'. फोटो काढणे, टेक. रक्त काढणे, टेक. बूट काढणे, टेक ऑफ. टाके काढणे, टेक आउट. कर्ज काढणे, टेक आउट. डुलकी काढणे, टेक अ नॅप. बघता बघता सगळी 'टेक'च्या दारात गोळा झाली. मला वाटलं वा, सापडलं! मग चित्र काढणे आलं, ते 'ड्रॉ'. दिवस काढणे आलं, ते 'गेट बाय'. खोडी काढणे आणि आठवण काढणे अजून कुठे बसवावं कळलेलं नाही, जागा मोकळी सोडलीय.

दुसरं पान 'लागणे'. ते लिहूच नका, वेडे व्हाल. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, डोळा लागतो, निकाल लागतो. आणि मला एसटी लागते ते वेगळंच. एकदा इथल्या मैत्रिणीला मी हे 'लागणे' समजावायला बसले. अर्ध्या तासानं ती म्हणाली, आणि तुम्ही लोक आमच्या 'गेट'ला नावं ठेवता? तेव्हापासून मी 'गेट'ची तक्रार बंद केली. स्टॉप्ड, बाई, स्टॉप्ड!

त्या शेपटांचंही सांगते. ती आपल्याकडे आहेत, फक्त आपण त्यांच्या जागी दुसरं क्रियापद लावतो. शोधून काढणे, फाइंड आउट. लिहून घेणे, राइट डाउन. निघून जाणे, गो अवे. खाऊन टाकणे, ईट अप. जळून जाणे, बर्न आउट. संपून जाणे, रन आउट. 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यातला फरक आपल्याला कोणी शिकवला नाही, पण ताट बघून कळतो. 'ईट' आणि 'ईट अप'मध्ये तोच आहे. सगळी जोडी अशी जुळत नाही, पण निदान ही काहीतरी परकी भानगड आहे असं वाटायचं थांबतं.

दादा, तुम्ही तुमची वही 'बंद'पासून सुरू करा. आणि सुट्टं क्रियापद लिहू नका, त्याच्यासोबत तुमची वस्तू लिहा. पंप, बेल्ट, सील. मला 'टेक' कधीच लक्षात राहिलं नसतं, 'टेक ब्लड' पहिल्या दिवशी राहिलं.

रविवारचं_जर्मन

पुण्यात दर रविवारी जर्मनच्या क्लासला जातो, म्हणून एक भर. जर्मनमध्ये 'करणे'ला 'माखन' म्हणतात (लोणी नव्हे). त्याच्या पुढे 'त्सू' लावलं की दार लावणे, 'आउस' लावलं की दिवा मालवणे. त्सूमाखन आणि आउसमाखन. म्हणजे त्या इंजिनिअरच्या डोक्यात बाईंच्या आजीचाच हिशेब होता, दाराला एक आणि दिव्याला दुसरं. पंपाला दाराचं क्रियापद लागेल असं त्याला वाटणारच नाही.

आणि एक विसरू नका, तोही इंग्रजी शाळेतच शिकलाय. ती त्याचीही मातृभाषा नाही. छोटी वाक्यं लिहिलीत तर त्यालाही सुटका.

पाना_नंबर_तेरा

बाई, सिस्टर, रविवारवाले भाऊ, आभारी आहे. तक्ता काढला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करनं वॉर्न, बेंट, स्टक, टॉर्न, ब्रोकन, ब्लोन लिहून तो उलटा चिकटवलाय. तिसऱ्या दिवशी शेजारच्या लॉकरवाला फोटो काढून घेऊन गेला.

वहीचं 'बंद'चं पानही झालं. अठरा ओळी भरल्या. मुलीनं शेवटी 'महाराष्ट्र बंद' घातलंय, त्याला इंग्रजी पेपरातही 'बंद'च लिहितात म्हणाली. त्या एका ठिकाणी मी बरोबर होतो म्हणायचं.

पण आता नवीन जागी अडलोय. 'येणे'. आम्ही शॉपमध्ये सर्रास म्हणतो, 'साउंड इज कमिंग', 'प्रेशर इज नॉट कमिंग'. आपल्या लोकांना लगेच कळतं. परवा मी त्या जर्मनाला म्हणालो, "सर, साउंड इज कमिंग." तो म्हणाला, "फ्रॉम वेअर?" मला वाटलं, अरे वा, बरोबर बोललो. नंतर शंका आली. हे चूक आहे का?

कृष्णाकाठच्या_बाई

त्यानं विचारलं तिथेच उत्तर आहे. आवाज कुठून येतोय ते जोडलंस की वाक्य उभं राहतं. 'अ नॉइज इज कमिंग फ्रॉम द स्पिंडल', हे चांगलं इंग्रजी आहे. त्याहून सोपं, 'द स्पिंडल इज मेकिंग अ नॉइज'. मराठीत आवाज स्वतःच्या पायानं येतो, इंग्रजीत तो कोणीतरी करतं. आपल्याला घामही येतो, रागही येतो, तापही येतो, पोहायलाही येतं. आपण नुसते बसून असतो, सगळं आपल्याकडे चालत येतं. इंग्रजाला प्रत्येक गोष्टीला कर्ता लागतो, नाहीतर त्याला चैन पडत नाही.

प्रेशरला 'कमिंग' नको. 'देअर इज नो प्रेशर'. थोडं आहे पण चढत नाही, तर 'द प्रेशर इज नॉट बिल्डिंग अप'. उतरत असेल तर 'ड्रॉपिंग'. आणि 'साउंड' नव्हे, खडखड असेल तर 'नॉइज'. साउंड चांगला-वाईट कुठलाही असतो.

घाईगर्दी

एवढं सगळं एका लॉगबुकासाठी? मी तर म्हणतो मोबाइलमध्ये मराठीत बोला, तोच भाषांतर करून देतो.

पाना_नंबर_तेरा

शॉपमध्ये मोबाइल गेटवर जमा करावा लागतो भाऊ. आणि तसं करूनही बघितलं घरी. 'पंप बसला' असं बोललो. त्यानं दिलं, पंप खाली बसला. 'द पंप सॅट डाउन.' मुलगी हसून हसून लोळली. पण तेवढ्यावरून 'सिट-सॅट' माझं कायमचं पाठ झालं.

मिरजेची_सिस्टर

सॅट डाउन! उद्या वॉर्डात सांगते.

पाना_नंबर_तेरा

आठ दिवसांनी लिहितोय. काल रात्रपाळीला २:४० ला लाइट गेली. सगळं शॉप गार. डीजी सेट (डिझेलवरचा जनरेटर) या लाइनला अजून जोडलेला नाही. टॉर्च घेऊन एकेक मशीन बघितलं. तीन नंबरचं टूल जॉबमध्येच अडकलेलं, बाकीची ठीक. ३:१० ला आली.

लॉगबुक उघडलं आणि खरं सांगतो, पेनाच्या टोकाशी 'लाइट क्लोज्ड' आलं होतं. थांबलो. आपण काय म्हणतो? लाइट गेली, लाइट आली. म्हणजे गो आणि कम. मुलीचं गो-वेंट-गॉन आठवलं आणि सिस्टरचं शेपूट. बराच वेळ पेन हातात धरून बसलो, हेल्पर म्हणाला झोपलात का. मग लिहिलं:

'पॉवर वेंट ऑफ अ‍ॅट टू फॉर्टी. केम बॅक अ‍ॅट थ्री टेन. ऑल मशीन्स रीस्टार्टेड एक्सेप्ट नंबर थ्री. नंबर थ्री: टूल स्टक इन जॉब. डू नॉट रन.'

सकाळी बस चुकवून मुद्दाम थांबलो. जर्मन आला, वही वाचली, मला काही विचारलं नाही. सरळ तीन नंबरकडे गेला. लाल टॅग बघितला, गार्डच्या काचेतून आत डोकावला आणि टूलरूमच्या पोराला हाक मारली. टॅग या वेळी लावला होता.

कृष्णाकाठच्या_बाई

'वेंट ऑफ' आणि 'केम बॅक' छान. 'स्टक' तर उत्तम.

पण 'ऑल मशीन्स रीस्टार्टेड' म्हणजे तू सुरू केल्यास का लाइट येताच आपोआप सुरू झाल्या? वाचणाऱ्याला कळत नाही. केल्या का झाल्या?

पाना_नंबर_तेरा

मी केल्या, बाई. एकेक करून, सगळीकडे रीसेट मारत. आज रात्री पुढं 'आय' घालून येतो.